डावीकडे

मेलबर्नमध्ये, मेरी क्रीकच्या काठाने
डांबराची अरुंद वाट,
मधोमध पुसट पांढरी रेघ.
स्टाव्रुला नेमकी रेघेवरूनच चालते,
वॉकरच्या टोपलीत कात्री
आणि ओढ्याकाठी खुडलेली रानबडीशेप.

मागून घंटी. पुन्हा घंटी.
"डावीकडे!"
ती सावकाश
उजवीकडे सरकते.

रोज करवादत वळसा घालतो कॅलम.
झडप घालणाऱ्या मॅगपायसाठी
त्याच्या हेल्मेटवर प्लास्टिकचे काटे;
म्हातारीसाठी काहीच उपाय नाही.

आज पुलाखाली चाकातली हवा गेली.
सायकल ढकलत निघालाय,
रेघेवरूनच, स्वतःच्या नादात,
आणि मागून
टिंग.

वॉकरच्या दांडीवर पितळी, नवीकोरी.
"डावीकडे, पोरा!"

दचकून तो सरकतो
उजवीकडे.