उखळ

वही माझ्याकडे असते, म्हणून सांगते.
घरटी दोनशे, चाकरमान्यांना पाचशे.
गंगाराम पाष्ट्यांनी नारळ दिले, तेही मांडलेत.
तालमीचा चहा, गवती पात घालून, रोजचे चाळीस कप.
मृदंगाची शाई : हा खर्च दोनदा,
कारण पहिली दमट हवेने सुटली
आणि दुसरी वाळायच्या आत
धोंडू मांडवकर काजूवरून पडला.

हात गळ्यात. मनगट सुजून फणसाच्या कुयरीएवढं.
शिमग्याला नऊ दिवस.

शाळेच्या पडवीत त्या रात्री
गौळणी बसल्या होत्या मिशांसकट.
संकासुर टोपी मांडीवर घेऊन तंबाखू मळत होता.
कुणी म्हणालं, मोबाइलवर लावूया ताल.
त्यावर कुणीच काही म्हणालं नाही,
इतकं, की खाडीपलीकडची गाज ऐकू आली.

तेवढ्यात खालच्या मोहल्ल्यातून रुकय्या मुकादम,
डोक्यावर काहीतरी, वर टॉवेल.
"आमच्यांनी डाकार बंदरातून आणलेलं.
तीन वर्षं त्यावर टेबलफॅन ठेवलाय.
वाजतं काय बघा."

टॉवेल काढला. उखळच!
एका ओंडक्यात कोरलेलं, कमरेत बारीक,
तोंडाला बोकडाचं कातडं,
कडेने दोरीची वीण, आमच्या पागाला असते तशी.
"शरफुद्दीनचं उखळ पांढरं झालं म्हणतात, ता ह्याच काय गो?"
हशा.
रुकय्याही हसली. मग म्हणाली,
"चार महिने पगार थकलाय त्यांचा जहाजावर."

धोंडूने डाव्या हाताने थाप दिली.
आवाज आला तो आमचा नव्हता.
मृदंग बोलून झाल्यावर थोडा रेंगाळतो,
निघालेला पाहुणा उंबऱ्यावर रेंगाळतो तसा.
हे बोललं आणि गप्प.
गणाला चालेना. गौळणीला तर नाहीच,
राधेचा, म्हणजे रिक्षावाल्या रोहिदासचा,
पाय दोनदा चुकला
आणि तिसऱ्यांदा राधेने आईवरून शिवी दिली.
बबनबाबा म्हणाले, देवापुढे परकं वाद्य नको.
रुकय्या पायरीवर उभी,
निघावं की बसावं अशी.

मग संकासुर उठला.
आमच्या नमनात त्याला शब्द नाहीत.
काळा झगा, कमरेला घुंगरांचा पट्टा,
बारा वर्षं बाबल्या सोलकर मृदंगामागे नाचला
नेहमी अर्धं पाऊल उशिरा.
आम्ही म्हणायचो, वय झालं.
त्या उखळाशी त्याची टाच
पहिल्या थापेला बरोबर पडली.
पुन्हा पडली.
कौलांतून धूळ आली खाली, चहात.
धोंडूचा एक हात पुरेना,
तर रुकय्याचा हमजा, सहावीतला,
शेजारी बसून उजवी थाप देऊ लागला.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
उठही कुणी म्हणालं नाही.

ठरलं ते असं : गण आणि गौळण नुसत्या टाळांवर,
संकासुराला उखळ.
बबनबाबा अजून नाराज आहेत.
शिमग्याला आले, पण पाठ करून बसले.
पायाचा अंगठा त्यांचा काय करत होता
ते मी वहीत लिहिलेलं नाही.

त्या रात्री रुकय्याने फोन उंच धरला होता,
पलीकडे कुठल्याशा समुद्रात शरफुद्दीन.
त्याला म्हणे कुत्री ऐकू आली, कुणाचं तरी पोर रडताना,
मग मधेच, "अगो, हे तर आपलं..."
आणि रेंज गेली.

आता हिशेब.
मृदंगाची शाई पुन्हा लावायची आहे : बाकी.
धोंडूचं प्लॅस्टर : मंडळाने अर्धं.
उखळाचं भाडं ती नको म्हणाली.
रकाना मोकळा कसा ठेवायचा?
बराच वेळ पेन चावत बसले,
मग लिहिलं :
रुकय्या शरफुद्दीन मुकादम, खालचा मोहल्ला,
वर्गणी पोचली.