बारा झाडं

झेगेच्या काठाला होडी लागली
तेव्हा दुपार टळून गेली होती.
अब्बा वोल्दे अंगणात कॉफीच्या बिया वाळत घालत होते.
त्यांच्या हातातल्या क्रूसाला ओठ लावले
आणि भावावर घालायचा दावा सबंध सांगितला:
बारा झाडं, बांध, बापाचे शेवटचे शब्द.

"आणखी कुणाला विचारलंस?"
बाजारातल्या लेखनिकाला. तो हो म्हणाला.
चर्चमधल्या झेनेबेचला. तीही.
"आणि अस्कालाला?
झाडं लावली तेव्हा पाणी तिनंच घातलं ना?"

मी खालमानेनं बियांतले खडे वेचू लागले.
मावशीची भिंत माझ्या भिंतीला लागून;
तिला टाळायला मी
अख्खं सरोवर ओलांडलं होतं.

मला सल्ला नकोच होता.
सही हवी होती,
तीही देवाच्या हातची.

अब्बांनी प्रार्थना केली, फार लांब नाही.
मग म्हणाले, वारा फिरतोय, नीघ.

रात्री मावशीच्या दाराशी थबकले.
दाव्याचा कागद शालीच्या टोकाला बांधलेला.
कडी वाजवण्याआधीच
आतून ती खोकली, म्हणाली,
"ये. कोळसे अजून विझले नाहीत."