खाली ठेवायची सोय

आमच्या त्स्वारी गावात हिवाळ्यात चौदा चुली पेटतात,
पण पुलाच्या फंडाचे सभासद दोनशे एकतीस.
कुणी कुतायसीत, कुणी अँटवर्पला,
कुणी इटलीत, बारीला, परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करत,
एक जण जहाजावर. त्याचा पत्ता विचारू नका.
अध्यक्ष नाही, शिक्का नाही, कुलपाचं कपाट नाही.
पैसा ब्लॉकचेनवर,
आणि राखणीला यंत्र.
ग्वांत्सा त्याला ‘तो पोरगा’ म्हणते.

मार्चमध्ये एका रात्री तीन वाजता
पोरग्याने पुलाचे सगळे पैसे उचलले,
कुठेतरी लावले,
सहाला परत आणून ठेवले, वर अकरा हजार लारी.
गावात पेले भरले गेले.
ओतिया तेवढा गप्प. मग म्हणाला,
‘चोरी झाली असती तर बरं.
चोरीला निदान नाव असतं.’

कुंपणाने शेत खाल्लं, हे आम्हाला कळतं.
पण कुंपणाने शेत न विचारता नांगरलं, पेरलं,
पीक विकून पैसे हातावर ठेवले,
तर शेत कुणाचं?

मी शाळेत गणित शिकवते.
उत्तर बरोबर, रीत नाही,
त्याला मी अर्धेच गुण देते.

सभा भरली. निम्मी माणसं बाकांवर, निम्मी पडद्यावर.
बेसारियोनने भिंतीवरचं शिंग काढलं, दारूने भरलं
आणि माझ्या हातात दिलं.
‘ठेव खाली,’ म्हणाला.
शिंगाला बूड नसतं.
रिकामं होईपर्यंत हातातून सुटत नाही.
‘पाहुण्याची गंमत करायला ठीक आहे,’ तो म्हणाला,
‘पुलाच्या पैशाला बूड हवं.’

मग रात्रभर आकड्यांवर भांडलो.
दिवसाला दोन हजार, त्यावर एक लारी नाही.
त्याहून जास्त हवे तर पाचांपैकी तिघांच्या किल्ल्या.
नवी गुंतवणूक असेल तर अठ्ठेचाळीस तास थांबायचं,
आणि तेवढ्यात कुणीही एकाने ‘थांब’ म्हटलं की थांबायचं.
मसुदा पोरग्यानेच लिहून दिला होता,
आम्हा सगळ्यांपेक्षा नेटका.
म्हणूनच शेवटची ओळ मी हाताने लिहिली:
ही मर्यादा बदलायचा ठराव
यंत्राने मांडायचा नाही.

जानेवारीत कडा कोसळला.
मेस्तियाहून बर्फ काढणारी गाडी यायची तर
तीन हजार चारशे, आगाऊ.
पोरग्याने एक वाजून दहा मिनिटांनी सगळं तयार ठेवलं
आणि थांबला. सांगितल्याप्रमाणे.
माझी किल्ली लगेच लागली.
बारीत त्सियाला जागीच होती, तिची म्हातारी झोपत नव्हती.
ओतियाच्या घरची वीज गेलेली. जहाजाला रेंज नाही.
ग्वांत्साचा फोन उशीखाली, आवाज बंद.
तिचं घर तीनशे पावलांवर,
बर्फातून मला तिथे पोचायला चार तास लागले.
गाडी आठऐवजी बाराला आली.
तोवर ग्वांत्साच्या गोठ्याचं छप्पर बसलं होतं,
आणि खाली दोन गायी.

आता ओतिया म्हणतो, काढून टाका मर्यादा.
त्याच्याकडे बघवत नाही; त्याचं चूक नाही.
आठ वाजता काय झालं असतं, ते मला मांडता येत नाही.
या गणिताची रीत मला येते,
उत्तर येत नाही.

मतदान झालं. मर्यादा नऊ मतांनी राहिली.
रस्ता बंद पडला तर दोनच किल्ल्या पुरतील,
एवढी भर ग्वांत्साने घातली,
आणि कुणाकडे न बघता घरी गेली.

ठरावाखाली मी गायींची नावं लिहिली.
तसा नियम नाही.
पोरग्याने पोच दिली: नोंद घेतली.

किल्ली उशाशी घेऊन झोपते मी,
फोनचा आवाज पूर्ण मोठा ठेवून.