पुडी

दिवसभर मी ग्राइफ्सवाल्डला औषधांच्या दुकानात उभा असतो.
गोळ्या मोजतो, खोक्यात चिठ्ठी घालतो:
आत काय, किती, कशासोबत घेऊ नये.
रात्री जेवणं झाली की पुन्हा तेच,
फक्त गोळ्या नसतात.

कुणीतरी कुठंतरी लिहिलेला प्रोग्राम असतो.
मी त्याची पुडी बांधतो,
म्हणजे मुक्त प्रणाली वापरणाऱ्या कुणालाही
एक ओळ टाइप करून, कुणाला न विचारता
तो घरी नेता यावा.
कशावाचून त्याचं अडतं ते लिहायचं,
कुणाशी पटत नाही तेही.
कुणी लिहिला, कोणत्या अटीवर दिला,
हे मात्र फाईलगणिक, एकेक करून.

हा प्रोग्राम माशांचं वय काढतो.
हेरिंगच्या कानात खडा असतो, तांदळाच्या कणीएवढा.
कापला की आत वर्तुळं, ओंडक्यात असतात तशी.
वाचणारे दोघं असले की वयं दोन निघतात.
आस्गर क्रागेलुंडनं त्यांची सरासरी काढून भांडण मिटवलं नाही.
त्यानं भांडणच मोजलं:
कोण किती चुकतो, कुठल्या वयाला जास्त.
आणि उत्तराच्या दोन्ही बाजूंना
थोडी जागा मोकळी सोडली.

ती जागा मला आवडते.
दुकानात मला ती देता येत नाही.

तीन आठवडे चाचणी एकाच यंत्रावर नापास होत होती.
माझ्याकडे चालते, सगळीकडे चालते,
त्या एका जुन्या जातीच्या प्रोसेसरवर
दशांश चिन्हानंतर तेरावा आकडा चारऐवजी पाच.
तेरावा? गेझा म्हणाली. मासा केव्हाच तळून झाला.
खरं होतं. त्या आकड्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.
तो तिथं का, एवढंच मला हवं होतं.
बेरजेचा क्रम निघाला.
मोठ्या संख्येत लहान मिळवली की लहान हरवते.
लहानांनी आधी आपसात मिळून घ्यायचं,
मग मोठ्याकडे जायचं.

उरली एक फाईल. अठ्ठावीस ओळी.
वर नाव आहे, तारीख आहे, परवाना नाही.
बाकी साठांवर आहे, हिच्यावर विसरला.
विसरला म्हणजे कायद्यानं कुलूप,
आणि आस्गरला जाऊन चार वर्षं झालेली.
ओळी मी स्वतः लिहिल्या असत्या,
पण मी त्या वाचून बसलो होतो.
माझ्या हातून त्याच उमटल्या असत्या.

साम्सो बेटावर त्याच्या बायकोला पत्र टाकलं, कागदाचं.
माझी डॅनिश उन्हाळी गिऱ्हाइकांपुरती:
खोकला, उन्हानं भाजणं, दिवसातून तीनदा.
तेवढ्यात कसंबसं बसवलं:
वापरायला, बदलायला, वाटायला, विकायलासुद्धा,
कुणालाही, कायमचं.
पुन्हा वाचलं तर औषधाच्या सूचनेसारखं दिसत होतं.

सोळा दिवसांनी बोडिल क्रागेलुंडचं उत्तर आलं.

विचारलंत, बरं वाटलं.
ते त्यानं आमच्या स्वयंपाकघरात लिहिलं.
मी बटाटे सोलत होते, तो मोठ्यानं वाचून दाखवत होता,
मला ओ की ठो कळत नव्हतं.
नावेच्या खोपीला त्यानं कधी कुलूप लावलं नाही.
वल्ही दोनदा गेली. एकदा परत आली, रंगवून.
द्या कुणालाही.
पण तारीख चुकली आहे. तो मार्च होता, मे नव्हे.
मेमध्ये आमच्याकडे नवे बटाटे येतात.
मी जुने सोलत होते, कोंब काढून.

मी त्याची तारीख खोडली नाही.
परवान्याखाली एक ओळ घातली:
मार्च, बोडिल क्रागेलुंड यांच्या आठवणीप्रमाणे.
दोन वाचणारे, दोन आकडे.
सही केली, पुडी पाठवली.
दीड वाजला होता.

सकाळी दुकानात पहिलंच गिऱ्हाईक, म्हातारे गृहस्थ.
खोकला किती दिवस आहे, मी विचारलं.
आठ, म्हणाले. मग थांबून, दहा असतील.
मी चिठ्ठीवर दोन्ही लिहिले.