साडेचार गुण

हिल्काचे बूट आले की मी ते आधी उलटे करतो.
डाव्याची टाच झिजून तिरकी,
पुढचं रबर मात्र नवंकोरं,
जणू अर्धाच बूट तिने वापरायला काढलाय
आणि अर्धा सणासाठी ठेवलाय.

केमीच्या कारखान्यात कागदाचा गुंडाळा सुटला,
नऊशे किलो, कोरा, एक अक्षर नसलेला.
बोटं गेली, चवडा गेला, टाच राहिली.
‘नशीबवान आहात,’ सर्जन म्हणाले.
तिने मान डोलावली. अजून डोलावते,
कुणी तसं म्हणालं की.

एकतीस वर्षं मी पायांसाठी कॉर्क तासतोय,
चालणं म्हणजे काय ते मला विचारा.
टाच टेकते, तळवा सावकाश लोळतो,
आणि शेवटी चवडा जमिनीला मागे ढकलतो.
ते शेवटचं ढकलणं तिच्याकडे नाही.
क्रियापदाच्या अलीकडेच तिचं वाक्य संपतं,
मग गुडघा आणि कंबर मिळून
कसाबसा अर्थ लावतात.

जिना उतरताना ती आडवी होते, खेकड्यासारखी.
वरच्या फळीवरचा राईचा पाव दुसऱ्याला मागते.
मार्चमध्ये बर्फ दिवसा वितळतो, रात्री पुन्हा काच होतो,
तेव्हा ती भिंत धरून जाते;
आणि संध्याकाळी मोज्यावर
नाण्याएवढा एक डाग.
‘पण तू चालतेस की छान!’ बेकरीवाली म्हणते.

बुधवारी शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या एकमेकींवर आदळतात.
पहिल्याच दिवशी आतूने विचारलं,
(त्याला छातीखालचं काही कळत नाही,
म्हणून तो बाकीचं सगळं स्पष्ट विचारतो)
‘तू तर दारातून चालत आलीस?’
ती हसली. चेंडू मागितला.
नंतर बराच वेळ गाडीत बसून होती,
इंजिन बंद, काचा आतून पांढऱ्या.

तपासणी ताम्पेरेत. मीही गेलो, बूट माझे म्हणून.
टेबलाशी दोघं. एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला,
एकाने पेन्सिल अंगठ्याच्या हाडावरून नेली,
जिथे हाड नव्हतं तिथेही नेली,
थांबला, दुसऱ्याकडे पाहिलं.
पावाच्या फळीबद्दल कुणी विचारलं नाही.
मोज्याबद्दलही नाही.
तिथे हाडाला बोलता येतं, दुखण्याला नाही.
आणि मला वाटतं, ते बरोबरच असावं;
दुखणं मोजायची पट्टी माझ्याकडे तरी कुठे आहे?

कागदावर लिहून आलं: पात्र. गुण साडेचार.
‘शाळेत इतके कधी मिळाले नव्हते,’ ती म्हणाली.

पण हे गुण वेगळे.
ज्याचं अंग जितकं चालतं, तितके त्याचे जास्त,
आणि मैदानातल्या पाचांची बेरीज
चौदाच्या पुढे जाऊ द्यायची नाही.
आतूचा एक.
राइमो, प्रशिक्षक, पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडतो,
हिल्काला घेतो, खोडतो, पुन्हा घेतो, खोडतो.
रस्त्यावर ती उणी पडते,
इथे जास्त होते.
तीन सामने तिने बाकाजवळ काढले,
खुर्चीचे पट्टे आवळलेले, सोडलेले, आवळलेले.
चौथ्यात शेवटची सहा मिनिटं मिळाली.
दोनदा चुकली. एकदा नाही.

आज आली ती वेगळंच सांगायला:
खुर्चीत बसून ब्रेक मारला की
डावा पाय फळीवरून सटकतो,
पुढे अडायला काही नाही म्हणून.
‘चाकांवरसुद्धा चवडा लागतो म्हणजे,’ मी म्हणालो.
‘लागतो,’ ती म्हणाली, ‘मलाही आत्ताच कळलं.’

सात सेंटिमीटर कॉर्क. शनिवारपर्यंत देतो म्हटलं.

माझ्या दुकानाला बारा पायऱ्या.
ती उतरताना मी तासणी खाली ठेवतो आणि ऐकतो:
एक जड, एक हलका, एक जड.
अकरावीवर ती थांबते. का ते विचारलं नाही कधी.
मग बारावी.
मग डिकीत खुर्चीचा खडखडाट,
आणि दार लागल्याचा आवाज.