टिचकी

बेळगावच्या ट्रेनिंगहून आणलेला तक्ता
लॅमिनेट केलेला, चार रकान्यांचा,
दोन्ही भाषांत छापलेला, दोन्हींत सारखाच परका:
प्रारंभिक, विकसनशील, प्रवीण, अतिप्रवीण.
सहावीच्या भिंतीला तो लावून मी म्हटलं,
आजपासून कोण कुठवर आलं
हे ज्याचं त्यानं ठरवायचं.
मागच्या बाकावरून वैदेही चापगावकर म्हणाली,
बाई, विकसनशील तर देश असतोय.

तक्ता उतरवला.

खानापूरच्या ह्या अंगाला कौलांच्या भट्ट्या.
पोरांच्या नखांतली माती
रविवारी आंघोळीनंही जात नाही.
फळ्यावर खडूनं चार घरं आखून मी विचारलं,
कौल कच्चं राहिलंय, हे तुम्हाला कसं कळतं?
कधी नव्हे ते सगळे हात वर.
रंगावरून. वजनावरून. नाही नाही, आवाजावरून,
बोटानं टिचकी मारायची, बाई,
भाजलेलं असलं तर बोलतंय,
नसलं तर नुसतं धप्प.

तास संपायच्या आत नावं ठरली:
चिखल. साच्यातलं. वाळलेलं. भाजलेलं.
प्रत्येकानं वहीच्या शेवटच्या पानावर घरं आखली,
ओळी खाली, भागाकार, वाचन, नकाशा, कन्नड.
रोहिणीची आई बैलहोंगलची,
तिनं कन्नडच्या ओळीत रंग भरलाच नाही,
फक्त लिहिलं, 'बरतैति'.
येतंय.
चालेल, म्हटलं.

निंगाप्पा झुंजवाडकरनं मात्र
वाचनाच्या ओळीत चिखल रंगवला.
जुलैत चिखल. ऑगस्टात चिखल.
गणपतीच्या सुट्टीनंतरही तोच तपकिरी खडू.
मला वाटलं, पोरगं भिडस्त.
वर्गात उभं राहून धडा म्हणतो खणखणीत,
माझ्या नोंदवहीत तीन वर्षं, माझ्याच अक्षरात,
'वाचन चांगले'.
मी त्याची वही ओढली, म्हटलं, अरे, तू वाळलेलं तरी रंगव.

तो म्हणाला, बाई, धडा मला पाठ हाय.
थोरल्याचं पुस्तक हेच होतं, तो रात्री मोठ्यानं वाचायचा.
खरं मधलं पान काढा,
आणि बोट ठेवा कुठंबी.

मी बोट ठेवलं.
'कर्तृत्व' होतं बोटाखाली.
तो त्या शब्दाकडे बघत राहिला,
ओसरीवर येऊन बसलेल्या
अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसा.
क, म्हणाला. मग थांबला.
धप्प, बाई. ऐकलासा?

आवाजात लाज नव्हती.
भट्टीवर त्याचा बाप असाच म्हणत असेल,
हे बाजूला ठेवा, ह्याला परत घालूया.
लाज होती ती माझ्या नोंदवहीत,
तीन वर्षांची, लाल शाईची, सहीसकट.

त्या दिवशी फळ्यावर मी एक ओळ वाढवली:
बाईंचं ऐकणं.
कुणी काही बोललं नाही.
मधल्या सुट्टीनंतर आले तर
साच्यातलं घर अर्धं रंगलेलं,
आणि वैदेहीच्या बोटांना खडूची भुकटी.
साच्यातलं! मला चिखल अपेक्षित होता.

मग रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटं
तो आणि मी आणि कुठलंही पान.
बस स्टँडवरच्या पाट्या, औषधाच्या खोक्यावरची अक्षरं,
लग्नपत्रिका, त्यातले सगळे चि. आणि सौ. कां.
काही दिवस पुढे, काही दिवस
काल आलेलंही आज हरवलेलं.
तसं झालं की तो रंगवलेलं घर खोडायचा
आणि मागच्या घरात परत यायचा,
कुणी सांगायच्या आधी.

फेब्रुवारीत एका दुपारी स्वतःच वही घेऊन आला.
टिचकी मारून बघा की, म्हणाला.
मी भूगोल उघडला, डोळे मिटून बोट टेकवलं.
'सर्वेक्षण'.
त्यानं आधी त्याचे तीन तुकडे केले,
मग दोन, मग हळूच एक.

मी खडू पुढे केला.
त्यानं घेतला नाही.
मान तिरकी करून क्षणभर ऐकत राहिला,
आतल्या आत काहीतरी वाजतंय का ते.
वाळूलालंय, बाई, अजून.
दोन ऊन पाहिजेत.

आणि तिसरं घर तसंच कोरं ठेवून
ताट घेऊन पळाला,
आज भातासोबत अंडं होतं.