दोषाचं स्वरूप

रॉलिन्सच्या दुकानातून कालच आणलंय,
पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, मुठीत मावेल एवढं.
लोर्ना टीगनं भरतकामाचं भिंग लावलं
तेव्हा दिसलं:
नळीच्या बुडाशी ओरखडा,
एका स्क्रूचं डोकं चेंबलेलं,
आणि चापाच्या कमानीवर तिळाएवढी जागा,
जिथं निळा मुलामा बसलाच नाही.

ऑरिन फोनवर म्हणाला,
कारखान्यात पाठव, दीड महिना लागेल.
नाहीतर वर्षभर पर्समध्ये किल्ल्यांशी घासू दे,
मग कुठला ओरखडा कुणाचा, तुलाच कळायचं नाही.

तिनं तक्रारीचा कागद घेतला.
दोषाचं स्वरूप: लिहिलं, मापासकट.
दोषामुळे वापरात अडचण येते का?
इथं पेन थांबलं.

बाहेर वारा पत्र्याची टपालपेटी वाजवत होता.
सहा मैलांत दुसरा दिवा नाही.
डेल गेल्यापासून
कुत्रं भुंकलं की ती उठून बसते.

वापर.
हा शब्द तिनं आजवर घरात घेतला नव्हता.

कागद घडी करून डब्याखाली सरकवला,
तेलाचा बोळा घेतला
आणि त्या तिळावरून फिरवत राहिली,
बाळाच्या गालावरची तीट
पुसावी की असू द्यावी
न कळणाऱ्या बाईसारखी.